परसोंचं पाणी

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी ज्या ज्या लोकांवर चिडले त्यांच्याकडे उगाच दोष जाणार नाही.

हैदराबादेत काचीगुड्याहून अंबरपेठेकडे जाताना रेल्वेरुळांच्या कडेला एक जुना मराठी छापखाना आहे. म्हणजे होता. निजामाच्या काळात इथल्या मराठी लोकांनी वर्गणी काढून उभा केलेला. पंचांगं, लग्नपत्रिका, शाळेची पुस्तकं छापता छापता कंप्युटर आले आणि तो मुकाट्यानं बंद पडला. त्याच्या रिकाम्या शेडमध्ये एकेक करून माणसं येऊन बसली. पाट्या रंगवणारे नामदेवराव, ढोलपथकवाला अविनाश, गणपती घडवणारी दोन घरं, नाटकांचे पडदे रंगवणारे, तबले-पखवाज मढवणारे, कठपुतळ्या करणारं एक जोडपं. सगळी मिळून पंधरा बिऱ्हाडं. काम इथं, आणि राहणं मात्र कुणाचं घटकेसरला, कुणाचं त्याच्याही पलीकडे, दोन बस बदलून.

छापखान्याच्या मंडळानं ठरवलं, की शेड पाडून तिथं कलाकारांना परवडतील अशी भाड्याची घरं बांधायची. रस्त्याच्या बाजूला दुकानं, आत कामाचे गाळे, वर घरं. दुकानांच्या भाड्यावर इमारतीची देखभाल चालायची. पहिली पंधरा घरं शेडमधल्या पंधरा जणांची. इतकं शहाणपणाचं काम माझ्याकडे पहिल्यांदाच येत होतं आणि ते काही केल्या मला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. कारण मंडळाच्या ठरावात दुसरं कलमही होतं. महिनाअखेरपर्यंत नकाशे मंजुरीसाठी दाखल झाले नाहीत, तर जागा हर्षदला. हर्षद मंडळाचा सभासद आणि धंद्यानं बिल्डर. तो तिथं नेहमीचे फ्लॅट बांधणार आणि पंधरा जणांना 'शहराबाहेर इतरत्र' जागा देणार. इतरत्र! हा शब्द वाचला की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

माझं ऑफिस नारायणगुड्यात, एका मिठाईच्या दुकानाच्या वर. त्यात मी, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि माझी मदतनीस रेणू. मी पुण्याची आर्किटेक्ट, हैदराबादेत येऊन नऊ वर्षं झाली. रेणू इथलीच, काचीगुड्यात वाढलेली, तिचे पणजोबा उदगीरकडून आलेले. ती घरी मराठी बोलते, पण मराठी वाचायची वेळ आली की एकेक अक्षर बोटानं दाबत पुढे सरकते. पहिल्या पाहणीच्या दिवशी तिला ताप होता म्हणून मी एकटीच गेले. ती बरोबर असती तर ही गोष्ट घडलीच नसती.

त्या दिवशी नामदेवराव शेडच्या दारातच भेटले. बहात्तरीचे, सडसडीत, कानामागे ब्रश खोचलेला. मी नेहमीचे प्रश्न विचारत गेले. ऊन कुठून येतं, वारा कुठला, कचरा कुठे जातो.

"आणि इथं पाणी भरतं का हो?"

"हौ तर," ते म्हणाले. "परसों कमरेइतकं भरलं होतं, बाई."

गल्लीच्या तोंडाशी रस्ता खणलेला होता. सगळीकडे चिखल, आणि माणसं एक मोठी फुटकी नळी बदलत होती. ती दोन दिवसांपूर्वी फुटली, असं कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं मला आधीच सांगितलं होतं. सगळं जुळलं. 'कमरेइतकं' हे मी म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यातली वाढ म्हणून सोडून दिलं आणि वहीत लिहिलं: 'पाणी – परवा भरलं होतं. नळ फुटल्यामुळे. दुरुस्ती चालू.' हैदराबादी 'परसों'चं मी नीटनेटकं पुणेरी 'परवा' करून टाकलं आणि निश्चिंत झाले.

त्यानंतर मी जी युक्ती काढली तिच्यावर मी स्वतःच खूश होते. प्रत्येकाला तळमजला हवा होता. हर्षदला शोरूमसाठी मोठी दुकानं हवी होती. मंडळाचे अध्यक्ष भगवंतराव, निवृत्त वकील, त्यांना वडिलांच्या नावाचा हॉल हवा होता, तोही खालीच. मग गाळे कुठे? मी म्हटलं, तळघरात. जमिनीच्या पोटात उन्हाळ्यातही गारवा राहतो, एसी लागत नाही. अविनाशचे ढोल कितीही बडवले तरी वरच्या घरांत आवाज जात नाही. मधोमध एक खोल चौक, त्यातून उजेड. कार्डबोर्डचं मॉडेल केलं तेव्हा भगवंतराव चष्मा काढून त्यात डोकावले आणि म्हणाले, "वा, मेधाबाई, सगळ्यांची सोय झाली." हर्षदसुद्धा काही बोलला नाही. शेडमधल्यांनाही मी मॉडेल नेऊन दाखवलं. त्यांनी माना डोलावल्या, चहा पाजला. सगळीकडे 'पर्यावरणपूरक' असं छापलेलं आमचं पुस्तकही तयार झालं.

महिना संपायला सहा दिवस होते. मंगळवारी दुपारी मी आणि रेणू नामदेवरावांच्या सर्वांत लांब पाटीचं माप घ्यायला गेलो, कारण तळघराच्या जिन्यात ती वळते की नाही ते पाहायचं होतं. ते एका मिरची-मसाल्याच्या दुकानाची पाटी रंगवत होते. वर मराठी, मध्ये तेलुगू, खाली उर्दू, तिन्ही ओळी एकाच हाताच्या. शेजारी एक पत्र्याचा डबा होता, त्यात सोनेरी वर्खाची पानं.

"याचं काय करता?"

"अक्षराची कड. ते कुसुमचं काम होतं, माझ्या मालकिणीचं. माझा हात नाही बसत त्यात." त्यांनी डबा हळूच बंद केला. "परसों गेली ती."

माझ्या हातातली टेप सुटली आणि सर्रकन आत गेली. "अहो, नामदेवराव! आणि तुम्ही आज इथं? घरी कोण आहे? मला कुणी सांगितलं कसं नाही?" मी त्यांच्या हातातला ब्रशसुद्धा काढून घेतला. "आधी उठा तुम्ही. मी गाडीनं सोडते घरी."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "कामून? काय झालं?"

"काय झालं म्हणजे? कुसुमताई..."

"अकरा साल झाले, बाई."

मागून रेणू फिसकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. "सॉरी, अंकल. मॅम, परसों म्हणजे परवा नाही ना! हैदराबादमध्ये परसों म्हणजे एनी टाइम. पास्टमधला कुठलापण दिवस. माझी आजी तर बोलते, परसों निजाम होता."

आम्ही पुण्याची माणसंही 'परवा' तसा सैलच वापरतो. आठवडा, पंधरवडा, फार तर महिना. पण अकरा वर्षं? मी हसले. नामदेवरावही हसले. मी त्यांचा ब्रश परत दिला, टेप उचलली आणि वाकलेलीच राहिले. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

"नामदेवराव, पहिल्या दिवशी तुम्ही पाण्याचं सांगितलं होतं. कमरेइतकं. ते कुठल्या परसोंचं?"

"ते होय? वीस सालचं, ऑक्टोबरातलं. नाला उलटा आला. तीन दिवस इथं कमरेइतकं होतं. त्याच्या आधीबी एकदा आलतं, कुसुम होती तवा." ते उठले आणि रंग खरवडायची पट्टी घेऊन भिंतीपाशी गेले. दर दिवाळीला चुना मारून मारून भिंत पांढरीशुभ्र झालेली. त्यांनी कमरेजवळ चारदा पट्टी ओढली. चुन्याचे पापुद्रे पडले आणि खाली तपकिरी रेघ निघाली. आडवी, सरळ, जणू कुणी पट्टी लावून मारली आहे.

माझा तोल गेला. "मग मी इथं तळघर काढून तुम्हाला दाखवलं, तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत? पंधरा जण होतात! चहा पाजलात मला!"

"आता काय बोलायचं," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं. मी सांगितलं. तुम्ही लिवून घेतलं. मंग आम्हाला वाटलं, बाईनं काय तरी सोय केली असंल. शिकलेली माणसं तुम्ही."

ओरडायला आता माणूसच उरला नव्हता. मला माझी भयंकर लाज वाटली. या माणसांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता आणि मी त्यांना जमिनीखाली नेऊन बसवत होते, ढोल, पडदे, मातीचे गणपती आणि सोनेरी वर्खासकट. पायऱ्या उतरून पाणी त्यांच्यापर्यंत आधी आलं असतं आणि मग दुकानांत गेलं असतं.

परत येताना रेणूनं विचारलं, "मॅम, आता काय करायचं? फाइल तर रेडी आहे."

"फाडायची," मी म्हटलं.

बुधवारी सकाळी भगवंतरावांच्या घरी मंडळ बसलं. मी उभी राहिले आणि परसोंपासून परवापर्यंत सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. सगळे इथलेच मराठी, पिढ्यान् पिढ्या हैदराबादेत काढलेले. दुसऱ्या वाक्यालाच हसू फुटलं. एक काका तर डोळे पुसायला लागले. मी हसू ओसरेपर्यंत उभीच राहिले.

भगवंतरावांनी हात वर केला. "बस्स झालं. मेधाबाई, एवढं मनाला लावून घेऊ नका. पंप बसवा दोन. तळघर म्हटलं की पंप आलाच. नकाशे सोमवारी जाऊ द्या."

खरं सांगते, क्षणभर मला ते गोड वाटलं. पंप. एक ओळ वाढवायची आणि झालं. महापालिकेत कुणी विचारलंही नसतं.

"पाणी येतं तेव्हा आधी वीज जाते," मी म्हटलं. "मग पंप काय कामाचा? वीस साली तीन दिवस वीज होती का कुणाकडे?"

पंपाचा विषय तिथंच संपला. बहुतेकांची घरं त्याच भागात होती.

आता हर्षद पुढे सरकला. फार गोड बोलतो तो. "मॅडमनी प्रामाणिकपणे सांगितलं, मला आवडलं. पण मग प्लॅन राहिलाच कुठे? महिना तर संपला. माझी ऑफर आहे तशी आहे."

"महिना संपायला पाच दिवस आहेत," मी म्हटलं. "रविवारी याच वेळेला मी नवीन नकाशे घेऊन येते. पसंत पडले नाहीत तर तुम्ही आहातच."

"पाच दिवसांत आख्खी बिल्डिंग?"

"चार. सोमवारी मी महापालिकेच्या रांगेत असेन."

गुरुवारी मी कंप्युटर उघडलाच नाही. शेडमध्ये गेले, खडूचा डबा घेतला आणि जमिनीवर खऱ्या मापाची इमारत काढायला लागले. पंधराच्या पंधरा जणांना बोलावलं. नियम एकच ठेवला: भिंतीवरच्या त्या रेघेच्या खाली असं काहीही ठेवायचं नाही, जे धुऊन पुसून परत वापरता येणार नाही. म्हणजे खाली भिंती नाहीत. नुसते खांब, शहाबादी फरशी, आणि पाण्याला आत यायला आणि निघून जायला मोकळी वाट. अर्ध्यात दुचाक्या, अर्ध्यात मोकळं अंगण, तिथं बाजार भरेल, नाटक होईल, गणपती वाळतील. दुकानं रस्त्याच्या बाजूला पाच फूट उंच जोत्यावर. आणि गाळे थेट पहिल्या मजल्यावर.

"गणपती जिन्यानं न्यायचे?" गणपतीवाल्या बाईंनी विचारलं. त्यांचा सवाल बरोबर होता. म्हणून जिन्याशेजारी रुंद उतार आला, दोन माणसं मूर्ती धरून आरामात चढतील असा.

ढोलांचं मात्र अडलं. तळघर गेल्यावर आवाज कुठे कोंडायचा? मी दोन तास डोकं फोडलं. जाड भिंती काढल्या, खोडल्या. अविनाश शेवटी वैतागून म्हणाला, "ताई, आम्हाला रुळाकडं टाका ना. गाडी गेली की आमचं कुणाला ऐकूच येत नाही. उलट आम्हालाच गाडीचा त्रास आहे." एवढं साधं! मग ढोलाचा गाळा रुळांच्या बाजूच्या टोकाला गेला, आणि त्याच्या व घरांच्या मध्ये मी जिना, पाण्याच्या टाक्या आणि सामानाच्या खोल्या रचल्या. आवाजाला घरांपर्यंत पोचायचं तर आधी टाकीभर पाणी ओलांडायला हवं.

नामदेवरावांना मी उत्तरेकडची बारा फुटी भिंत दिली, वर लांबलचक खिडकी. ते खडूच्या रेघेवर उभे राहून हात पसरून अंदाज घेत होते.

"तळघरात तुम्हाला मी ट्यूबलाइट दिली होती," मी म्हटलं. "तिच्या उजेडात तुमचा पिवळा कसा दिसला असता?"

"हिरवा."

"आणि हेही बोलला नाहीत तुम्ही!"

"तुम्ही विचारलं नाही ना," ते म्हणाले, आणि यावेळी जरा मिस्कील हसले.

शुक्रवार आणि शनिवार आम्ही घासून काम केलं. रेणूनं जेवणसुद्धा टेबलावर, एका हातानं केलं. छपराचं पाणी कुठल्या खड्ड्यात मुरेल, शेडचं जुनं सागवान कुठल्या दारांना पुरेल, पश्चिमेच्या उन्हाला विटांची जाळी कुठे हवी, सगळं नव्यानं मांडलं. हिशेब एकच बसत नव्हता. गाळे वर आल्यामुळे चार घरं कमी झाली होती. पंधरातलं एकही नाही, पण चार गेली. हर्षदचं शोरूम गेलं. आणि भगवंतरावांचा हॉल गेला. हॉलचं कसं सांगायचं, ते मला शनिवारी संध्याकाळपर्यंत सुचलं नव्हतं, आणि रविवारी सकाळीही नाही.

रविवारी नामदेवराव स्वतःहून आले. इस्त्रीचा शर्ट घालून, नकाशाची गुंडाळी काखेत घेऊन ते माझ्या मागे भगवंतरावांच्या दिवाणखान्यात शिरले आणि दाराजवळच्या स्टुलावर बसले.

भगवंतरावांनी नकाशे शेवटपर्यंत पाहिले. मग पहिलं पान पुन्हा उघडलं. "हॉल कुठाय?"

मी अंगणावर बोट ठेवलं. "हा."

"याला भिंती नाहीत."

"म्हणून तर पाणी आलं तर निघून जाईल."

"मेधाबाई," त्यांचा आवाज चढला, "माझे वडील या छापखान्यात चाळीस वर्षं खिळे जुळवत होते. एकेक अक्षर वेचून ओळी बसवायचे. त्यांच्या डोळ्यांचं मातेरं झालं त्यात. त्यांचं नाव मी लावणार कुठे? तुम्ही तर मला एक भिंतसुद्धा ठेवली नाही!"

चार दिवस मी पाणी, आवाज, उजेड, वारा सगळ्याची सोय लावली होती, आणि एका मुलाला बापाचं नाव लावायला जागा हवी आहे, एवढंच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला त्यांचा हॉल म्हणजे नुसता मोठेपणा वाटत होता. हर्षद मोबाइल खिशात ठेवून सावरून बसला.

दाराकडून नामदेवरावांचा आवाज आला. "साहेब, तुळईवर लिवतो."

"काय?"

ते उठून आले आणि नकाशावर रस्त्याच्या बाजूची तुळई दाखवली. "ही बघा. सतरा फूट सलग आहे. भिंतीवरचं नाव आत गेल्यावर दिसतं. हे रस्त्यावरनं दिसंल, बसमधनं दिसंल. पाणी आलं तरी तिथवर नाही पोचणार."

भगवंतरावांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. "अक्षर केवढं येईल?"

"दीड फूट."

"आणि वळण?" त्यांनी चष्मा काढला. "ते आजकालच्या बोर्डांसारखं नको. दादा जुळवायचे तसलं येईल का? खिळ्याचं?"

"हौ. शेड साफ केला तवाचे दोन-चार खिळे ठेवलेत मी. त्याच्यावरनं काढतो."

मग भगवंतरावांनी पेन मागितलं. त्यांनी सही केली. हर्षद म्हणाला, "एकदा सगळ्यांनी नीट विचार केला तर..." आणि भगवंतराव त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "झाला विचार."

सोमवारी दुपारी नकाशे दाखल झाले. पावती मी रेणूच्या हातात दिली आणि रस्त्यावरच मला रडू आलं. ती म्हणाली, "मॅम, लोक बघतायत," आणि मग तीही रडली.

त्यानंतर काही सरळ झालं असं नाही. हरकती आल्या, आठ महिने फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरली. मी भांडले, पुन्हा गेले, पुन्हा भांडले. पण पाया खणला गेला, खांब उभे राहिले, आणि एका सकाळी सतरा फुटी तुळईवर नाव उमटलं. रेणू रस्त्यात उभी राहून ते एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होती आणि मागे गाड्या हॉर्न देत होत्या.

मागच्या महिन्यात माणसं राहायला आली. मी गेले तेव्हा सकाळचं लख्ख ऊन होतं. वर ढोल चालू होते आणि ते मला अंगणातून जेमतेम ऐकू येत होते. नामदेवराव खालच्या खांबाशी स्टूल टाकून बसले होते. सगळ्या खांबांवरून कमरेच्या उंचीवर त्यांनी बोटभर जाडीची निळी रेघ ओढली होती, आणि पुढच्या खांबावर तिन्ही भाषांत ओळी लिहिल्या होत्या. मराठी ओळ होती: 'परसों पाणी इथपर्यंत आलं होतं.' अक्षरांना सोनेरी कड होती. जरा वाकडी, पण होती.

"नामदेवराव, तारीख टाका ना," मी म्हटलं. "ऑक्टोबर, दोन हजार वीस. नाहीतर लोकांना कळणार कसं?"

"नक्को," त्यांनी ब्रश पुसला. "तारीख लिवली की माणसं म्हणतात, ते तवाचं झालं. संपलं. परसों म्हटलं की जवळ राहतंय." मग वर्खाचा डबा बंद करता करता म्हणाले, "तुम्ही विचारलं म्हणून अकरा साल सांगितलं. नाहीतर माझ्यासाठी ती परसोंच गेली."

मी त्यांच्या शेजारी जोत्याच्या पायरीवर बसले.

एवढ्यात फाटकातून एक स्कूटर आत आली. पुढे पेटी, मागे बांधलेली दुसरी पेटी, खांद्याला घुंगरांची पिशवी. ही गौरी, वर घर मिळालेली कथक शिकवणारी मुलगी. पुण्याहून आजच आली होती. तिनं स्कूटर खांबाशी लावली, मागची पेटी सोडवून फरशीवर ठेवली आणि हेल्मेट काढता काढता ओळ वाचली.

"अय्या! परवा एवढं पाणी आलं होतं?" तिनं रेघेकडे पाहिलं, मग निरभ्र आभाळाकडे, मग फरशीवरच्या पेटीकडे. "मग इथं नकोच काही ठेवायला. स्कूटर वर लावून ही पेटी न्यायला येतेच." आणि तिनं स्कूटर चालू केली आणि उतारावरून पहिल्या मजल्याकडे नेली.

मी तिला हाक मारायला तोंड उघडलं. नामदेवरावांनी ब्रश आडवा धरून मला थांबवलं.

मी तोंड मिटलं, फरशीवर राहिलेली तिची पेटी उचलली आणि तिच्या मागोमाग वर निघाले.